उसना मळ

सूनबाई आठवडाभर परगावी गेली आणि जाताना गच्चीवरचा संसार सासूबाईंच्या हवाली करून गेली. खाली माशांची टाकी, वर खडे भरलेली पन्हळ, आणि मातीचा कण नसताना त्या खड्यांत तरारलेला पालक. माशांचं पाणी पंपाने वर चढायचं आणि खड्यांतून, मग गाळणीच्या स्पंजातून पुन्हा खाली यायचं.

"आई, माशांना चिमूटभर खाणं घाला. बाकी कशाला हात लावू नका."

सासूबाईंना मळ दाखवून हात लावू नका म्हणणं म्हणजे मांजराला शिंक्याखाली बसवून डोळे मिट म्हणणं! स्पंजावरचा तपकिरी, बुळबुळीत थर दिसला आणि त्यांचा जीव वरखाली झाला. "शिकलीसवरली पोर, आणि ही घाण?" स्पंज उकळत्या पाण्यातून निघाला. खडे घासघासून मोत्यासारखे झाले.

दोन दिवसांत मासे पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकू लागले. मुलाने बाटलीत पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकले. पाणी हिरवंगार झालं, म्हणजे विषारी.

"आई, स्पंज धुतलास?"

"धुतला नाही, पवित्र केला!"

"अगं, त्या मळात जिवाणू होते. माशांच्या मुता-घाणीनं पाण्यात विष तयार होतं. हे जिवाणू ते पचवून पालकाचं खत करतात. तू सगळे उकळलेस!"

"मग नवे आण."

"आपणहून यायला महिना लागतो. पाणी बदलत एकदोन दिवस ढकलू, पण पुढं? कुणाच्या तरी जुन्या टाकीतला न धुतलेला स्पंज मिळाला तरच."

दोघांच्या डोळ्यांसमोर एकच घर आलं. धाकट्या जावेचं. तिच्या शेवाळलेल्या टाकीवरून सासूबाईंनी तिला चारचौघांत किती वेळा सोलून काढलं होतं! पण विश्वासानं सोपवलेले मुके जीव मेले, तर सुनेला कोणतं तोंड दाखवायचं? त्यांनी फोन लावला. "मी येतेय गं, आत्ताच," एवढंच म्हणून ठेवला. मागायचं कसं ते वाटेत ठरवू.

वाटेत डोक्यात आलं ते भलतंच. आपण येतोय म्हटल्यावर जाऊबाई हातावर हात ठेवून बसेल होय? टाकीच घासायला घेईल! सासूबाई दुखरे गुडघे विसरून पळत सुटल्या.

दारात पाहतात तो फरशी ओली, पडदे बदललेले, आणि जाऊबाईच्या एका हातात स्पंज, दुसरा नळावर.

"थांब! धुऊ नकोस!"

"झालंच, ताई. एवढा खळबळते नि..."

"अगं बाई, धुतलास तर मी मेले! तो मळ मला दे."

"कोणता?"

"आहे तो सगळा."

जाऊबाई नळाला टेकून निवांत उभी राहिली. "ताई, नीट ऐकू नाही आलं."

"मळ दे गं, हात जोडते!"

स्पंज ओल्या फडक्यात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून सासूबाई घरी आल्या. हळूहळू मासे पुन्हा तळाशी फिरू लागले, थेंब पिवळे उमटू लागले, आणि घरातल्या दोघांना जेवण गोड लागू लागलं.

सूनबाई आली ती आधी गच्चीवर धावली. स्पंजावर बोट फिरवून म्हणाली, "जसाच्या तसा! आई, तुम्ही खरंच हात लावला नाहीत?"

मुलगा आभाळाकडे बघू लागला. सासूबाई तोंड उघडणार, तोच फोन वाजला. जाऊबाई.

"ताई, आमची लेक नांदतेय ना नीट? कुणी घासतबिसत तर नाही ना तिला?"

सासूबाई पाठ वळवून हळूच म्हणाल्या, "सुखात आहे गं. छान बुळबुळीत आहे."