सेक्रेटरींचा ओला अंगठा

"माणूस खोटं बोलतो, किल्ली हरवते, अंगठा मात्र जन्मभर इमानदार राहतो," असं पोहण्याच्या क्लबचे सेक्रेटरी भर सभेत म्हणाले आणि टाळ्या पडल्या. सेक्रेटरींच्या भाषणाला टाळ्या पडतच, कारण चहा भाषण संपल्यावरच येत असे.

सभेपुढे विषय होता नव्या लॉकरांचा. चाळीस लॉकर, एकालाही किल्ली नाही. काचेच्या चौकोनावर अंगठा टेकवायचा, आतल्या यंत्राने ठसा ओळखायचा आणि दार आपसूक उघडायचं. सेक्रेटरी हे असं सांगत होते, जणू अंगठा त्यांनीच शोधून काढला होता.

तेवढ्यात हेडबाई उभ्या राहिल्या. त्या तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. आता सत्तरी ओलांडून रोज सकाळी वीस फेऱ्या मारत. त्या उभ्या राहिल्या की निम्मे सभासद अजूनही ताठ बसत. त्यांनी पाच प्रश्न विचारले. आमचे ठसे नेमके कुठे साठवणार? ते कोण पाहू शकणार? किती वर्षं ठेवणार? यंत्र चुकलं तर काय? आणि ज्याला ठसा द्यायचाच नाही, त्याने कपडे कुठे ठेवायचे?

सेक्रेटरींनी चष्मा पुसला. हसले. पाचही प्रश्नांना त्यांनी एकच उत्तर दिलं.

"बाई, लपवण्यासारखं काही नसेल, तर भ्यायचं कशाला?"

पुन्हा टाळ्या. चहा दाराशी आला होता.

"पाचपैकी शून्य," हेडबाई म्हणाल्या आणि बसल्या. पण बसण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट मंजूर करून घेतली. हॉलच्या कोपऱ्यातलं पत्र्याचं जुनं कपाट तसंच राहील आणि त्याची किल्ली त्यांच्या मनगटाला रबरबँडने बांधलेली असेल. त्या कपाटात त्यांचे कपडे असत आणि खालच्या दोन कप्प्यांत लोकांनी विसरलेल्या वस्तू. सेक्रेटरींनी मोठ्या मनाने होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी कपाटावर पाटी लावली : "मागील शतकासाठी राखीव."

मग त्यांनी संमतीपत्र लिहिलं. एकट्याने, एका बैठकीत. नियम नववा त्यांचा विशेष लाडका. ठसे, छायाचित्रं आणि सर्व नोंदी दहा वर्षं जपल्या जातील, कोणाच्याही विनंतीवरून त्या पुसल्या जाणार नाहीत, पदाधिकारीही याला अपवाद नाहीत. शेवटच्या चार शब्दांखाली त्यांनी स्वतःच्या हाताने रेघ ओढली. आपल्याच न्यायबुद्धीने त्यांना क्षणभर गहिवरून आलं.

एक कल्पनाही त्यांचीच. तीनदा चुकीचा अंगठा लागला तर लॉकर तासभर बंद, आणि समोरच्या माणसाचा फोटो काढून तो हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर आणि चारशे बारा सभासदांच्या मोबाईलवर, खाली मजकूर : "या इसमास आपण ओळखता काय?" यंत्र बसवायला आलेला तंत्रज्ञ जरा घुटमळला. एवढ्या सगळ्यांना कशाला, म्हणाला.

"चोराची कसली आलीय अब्रू?" सेक्रेटरी म्हणाले.

लॉकर कपडे बदलण्याच्या खोल्यांत होते, ते त्यांनी हॉलमध्ये आणवले. हॉलला रस्त्याच्या बाजूने अख्खी काच. तंत्रज्ञान लोकांना दिसलं पाहिजे! टॉवेल तलावाच्या काठी न्यायला बंदी केली. कठड्यावर वाळत घातलेले टॉवेल फोटोत वाईट दिसतात. ठसे घ्यायच्या दिवशी ते जातीने टेबलाशी बसले आणि प्रत्येकाला बजावत होते, "अंगठा कोरडा पुसून टेकवा हं, अगदी कोरडा." हे वाक्य त्यांनी तीनशे वेळा तरी उच्चारलं असेल. त्याचा पोहण्याशी काही संबंध असू शकतो, हे तीनशेपैकी एकदाही त्यांच्या मनात आलं नाही.

रविवार उजाडला. शहराची एक समिती अकरा वाजता येणार होती. वाचनालय, दवाखाना, बाग, सगळीकडे माणसं अंगठ्याने ओळखायची की नाही, हे समिती ठरवणार होती आणि ठरलं तर तिला एक सल्लागार लागणार होता. सेक्रेटरींनी आरशासमोर "सल्लागार" हा शब्द म्हणून पाहिला होता. चांगला बसत होता. नवा सूट लॉकर क्रमांक एकमध्ये टांगून, कार्यकारिणीतल्या सहा जणांना घेऊन ते दहाच्या आधीच पाण्यात उतरले. बेत साधा होता. तासभर पोहायचं, पावणेअकराला बाहेर यायचं, अंगठा, सूट, समिती.

तलावावरचा जीवरक्षक काठावर बसला होता. चोवीस वर्षं गळ्यात शिट्टी, म्हणून त्याला सगळे शिट्टीमास्तर म्हणत. क्लबमध्ये त्या घडीला कोरडा आणि कपड्यांत असलेला पुरुष तेवढा तो एकच.

पावणेअकराला सेक्रेटरी पाणी निथळत हॉलमध्ये आले आणि ऐटीत अंगठा टेकवला.

"ओळख पटली नाही," यंत्र एका गोड बाईच्या आवाजात म्हणालं.

त्यांनी अंगठा पोहण्याच्या चड्डीला पुसला. ती चड्डी त्यांच्याइतकीच ओली होती.

"ओळख पटली नाही."

आता त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. तो त्यांचा वाटत नव्हता. तासभर पाण्यात राहून त्याला अशा सुरकुत्या पडल्या होत्या, की एखाद्या मनुकेने तो आपल्या घरातला म्हणून ओळखला असता. तरी त्यांनी दातओठ खाऊन तिसऱ्यांदा दाबला.

लख्खकन उजेड पडला. पडद्यावर सेक्रेटरी झळकले. उघडे, ओलेकंच, पोट पुढे, तोंड वासलेलं. "या इसमास आपण ओळखता काय?"

मागून खजिनदार आणि बाकीचे पाच जण आले. त्यांनीही आपापले अंगठे लावून पाहिले आणि पाच मिनिटांत पडद्यावर सात संशयित झाले. अडीअडचणीला सगळे लॉकर उघडणारा एक मुख्य अंगठा असतो, हे खजिनदारांना आठवलं. तो कोणाचा, असं त्यांनी विचारलं. सेक्रेटरींनी आपली मनुका वर करून दाखवली.

दार फोडायचं का, असं कोणीतरी पुटपुटलं. पण समितीला दाखवायची वस्तू समिती यायच्या आधी पहारीने उचकटायची कशी? शेवटी शिट्टीमास्तरच्या मोबाईलवरून कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार नम्र होती. आपण सेक्रेटरीच आहात याची खात्री करण्यासाठी आपल्या मोबाईलवर एक आकडा पाठवलाय, तेवढा वाचून दाखवा, म्हणाली. लॉकर क्रमांक एकच्या आत काहीतरी टुणकन वाजलं. सातही जण दाराला कान लावून उभे राहिले, जणू आकडा कानाने वाचता येईल.

"साहेब, घरून कपडे मागवा ना," शिट्टीमास्तर म्हणाला.

सेक्रेटरींनी घरी फोन लावला आणि इथे त्यांचीच शिस्त आडवी आली. अनोळखी नंबरवरून कोणी माझ्या आवाजात बोललं तर विश्वास ठेवायचा नाही, खासगी प्रश्न विचारून खात्री करायची, असं त्यांनी बायकोला महिनाभर पढवलं होतं.

"आपल्या लग्नाची तारीख सांगा," बायको म्हणाली.

सेक्रेटरींनी डोळे मिटले. "सतरा."

"एकोणीस."

"अगं, पण ऐक..."

"बरं, म्हणजे तुम्हीच आहात," ती म्हणाली. "बोला."

पण ती होती बहिणीकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. साडेबाराशिवाय पोचणं शक्य नव्हतं. फोन ठेवताना तिने विचारलं, की मघाशी आम्हा सगळ्या सभासदांच्या मोबाईलवर एक इसम आलाय, त्याला ओळखते असं कळवायचं, का नको?

अकराला पाच मिनिटं होती. शिक्षा तासाची आहे हे विसरून सेक्रेटरींनी सगळ्यांना हात वाळवायच्या यंत्राकडे नेलं. सात पोक्त माणसं चड्डीवर, हात पुढे करून, त्या यंत्रासमोर दाटीवाटीने उभी राहिली. काचेबाहेर एक आजोबा नातीला घेऊन थांबले होते. नात काहीतरी विचारत होती आणि आजोबा तिला हाताला धरून पुढे ओढत होते.

हेडबाई याच वेळी हॉलमध्ये आल्या. वीस फेऱ्या संपवून, बाथरोब गुंडाळून. त्यांनी पडदा पाहिला, मग यंत्रासमोरची गर्दी पाहिली. मनगटाचा रबरबँड काढला, पत्र्याचं कपाट करकर आवाज करत उघडलं, आपले कपडे घेतले आणि बदलायला जाता जाता खालच्या कप्प्यांकडे बोट दाखवलं. "विसरलेलं सामान आहे. मापाचं बघून घ्या."

मापाचं काहीच नव्हतं. खजिनदारांना एका लहान मुलाचा बनियन मिळाला, तो त्यांनी टोपीसारखा घातला. सेक्रेटरींच्या वाट्याला कोणा उंच बाईचा पिवळा गाऊन आला. त्यावर सूर्यफुलं होती. पुढून दोन, मागून एक, आणि मागचं फार मोठं होतं.

बरोबर अकराला समिती आली.

अध्यक्ष आधी पडद्यासमोर थांबले. सात फोटो त्यांनी क्रमाने, निवांत पाहिले. मग सूर्यफुलांकडे वळून म्हणाले, "सेक्रेटरी कुठे भेटतील?"

"मीच," सेक्रेटरी म्हणाले.

अध्यक्षांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा गाऊनकडे. ओळख पटायला त्यांनाही वेळ लागला.

सेक्रेटरी खचणारे नव्हते. गाऊनच्या बाह्या सावरत त्यांनी भाषण सुरू केलं. हाच तर यंत्राचा कडकपणा, म्हणाले. खुद्द मालकालाही आत घेत नाही! अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की हे फोटो आता कुठे साठतात? ते कोण पाहू शकतं? किती वर्षं राहतात? यंत्र चुकलं, जसं आज चुकलं, तर माणसाने काय करायचं? आणि ज्याला ठसा द्यायचाच नाही, त्याची सोय काय?

सेक्रेटरींनी तोंड उघडलं. त्यांचं ते एक उत्तर जिभेच्या टोकावर तयारच होतं. पण त्याच क्षणी दारातून वारा आला, गाऊन फडफडला आणि दोन्ही हातांनी तो दाबून धरताना ते उत्तर त्यांनी गिळलं.

"पाचव्याचं उत्तर इथे आहे," कोपऱ्यातून आवाज आला. हेडबाई आता पूर्ण कपड्यांत, केस विंचरून, पत्र्याच्या कपाटाला कुलूप लावत होत्या. समिती तिकडे गेली. कपाट सगळ्यांनी उघडून-मिटून पाहिलं. अध्यक्षांनी पाटी वाचली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. साडेअकराला समिती गेली.

पावणेबारा वाजून गेल्यावर लॉकरची तासाची शिक्षा संपली. सेक्रेटरींचा अंगठा तोवर पूर्ववत झाला होता.

"ओळख पटली. आपलं स्वागत आहे," यंत्र म्हणालं.

सूटला एक सुरकुती नव्हती.

आठ दिवसांनी समितीचं पत्र आलं. सध्या निर्णय तहकूब. दरम्यान, सल्लामसलतीसाठी पत्र्याच्या कपाटाच्या व्यवस्थापिकेस पाठवावे. सेक्रेटरींनी पत्र दोनदा वाचलं आणि मग जास्त निकडीच्या कामाला लागले. तो फोटो पुसायला हवा होता. यंत्र तो महिन्याच्या सुरक्षा अहवालात पहिल्या पानावर छापून हॉलच्या पडद्यावर लावत होतं आणि क्लबात नव्याने आलेल्यांना आधी तोच दिसत होता. त्यांनी रीतसर अर्ज केला. अर्ज सेक्रेटरींच्याच टेबलावर आला. त्यांनी नियम नववा काढला, रेघ पाहिली, आणि जड अंतःकरणाने स्वतःचा अर्ज नामंजूर केला.

दुसऱ्या दिवशी, पोहायला जाण्यापूर्वी, ते पत्र्याच्या कपाटापाशी घुटमळले. काखेत कपड्यांची गुंडाळी होती.

"बाई, यात एखादा कप्पा मिळेल का मला?"

हेडबाईंनी मनगटाचा रबरबँड सोडवला. चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, नापास झालेल्याला फेरपरीक्षेला बसवताना बघतात तसं.

"का हो? लपवण्यासारखं काही आहे?"

सेक्रेटरींनी वळून पडद्याकडे पाहिलं. नवीन अहवाल लागला होता.

"होतं," ते म्हणाले.