केपटाऊनला निघालेली आई

नोझुकोने केपटाऊनला जायचं ठरवलं, ते काही डोंगर आणि समुद्र बघायला नव्हे. तिची मुलगी सिफोकाझी तिथल्या एका हॉटेलात कामाला होती. सगळं जग सुट्टी घालवायला तिथेच लोटत असल्यामुळे सिफोकाझीला कधी सुट्टीच नसे. कित्येक वर्षांत ती गावी फिरकली नव्हती. नात बोलायला लागली, पण आजीला ती फोनवरच्या बोबड्या आवाजापुरतीच माहीत. आता नोझुकोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. दिसतंय तोवर नातीचं तोंड बघावं, एवढीच तिची आस होती.

शनिवारची बस ठरली. पण पूर्वजांच्या कानावर घातल्याशिवाय एवढ्या लांब कसं जायचं? नोझुकोने ज्वारीची बिअर आंबायला घातली, छोटं मडकंभर. तिचे दीर झोलिले त्यात डोकावले.

"वहिनी, ही पूर्वजांना पाजायची की नुसती दाखवायची?"

"भाऊजी, प्रवासाला निघालेय मी. लग्न नाही माझं."

"वास गावभर गेलाय. लोक येणारच. रिकाम्या पोटी प्यायले तर इथेच आडवे होतील."

मडक्याचं पिंप झालं. पिंपापाठोपाठ मेंढा आला. मेंढा म्हटल्यावर म्हातारी मंडळी येणार, ती काय उन्हात बसणार? शुक्रवारी झोलिलेंनी अंगणात मोठा पांढरा तंबू ठोकला आणि स्वतःवरच खूश झाले.

आता, शुक्रवारी तंबू लागला की शनिवारी कुणाला तरी पुरायचं असतं, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. रस्त्याने जाणाऱ्या टॅक्सीतल्या बायकांनी तंबू पाहिला आणि माना खाली घातल्या. दुपारच्या आत बातमी केपटाऊनला पोचली. नोझुकोने मात्र प्रवासात बॅटरी पुरावी म्हणून फोन बंद करून ठेवला होता.

शनिवारी सकाळी फाटकाशी गाडी थांबली. काळ्या कपड्यांतली सिफोकाझी लेकीचा हात धरून गळा काढतच उतरली. मागून केपटाऊनला राहणारी गावची माणसं प्रार्थनागीत म्हणत आली. पिंप ढवळणारी नोझुको तशीच पुढे धावली.

"अगं, कोण गेलं?"

सिफोकाझी आ वासून बघत राहिली. "तू!"

"मी? मला कुणी सांगितलं नाही."

"रात्रभर रडत आलेय गं मी! फोन का बंद ठेवलास?" सिफोकाझीने आईच्या गुडघ्यांना मिठी मारली आणि पुन्हा रडू लागली.

"पण तुला रजा कशी मिळाली?"

"आई मेली की देतात, आई. जिवंत असली की नाही देत."

नोझुकोने नातीला उचलून उजेडात नेलं, तिचं तोंड आपल्या डोळ्यांशी धरलं. नाक थेट आजोबांचं होतं. नोझुकोला रडू आवरेना.

"वहिनी, बसची वेळ झाली," झोलिले हळूच म्हणाले. "पूर्वजांना काय सांगू?"

"सांगा, बेत बदलला."

सिफोकाझीने डोळे पुसले. "पण पुढच्या खेपेला रजा कुठल्या तोंडाने मागू? साहेबांच्या लेखी तू तर गेलीस."

नोझुकोने दिराकडे पाहिलं.

"घरात अजून वडीलधारं माणूस आहे की."

झोलिलेंनी हातातली बिअर खाली ठेवली, विचार केला आणि गंभीरपणे मान डोलावली.

"जुलैत थंडी पडली की जातो मी. थंडीत माणसं जातातच, कुणाला शंका यायची नाही."