रोगाचा कायमचा पत्ता

नरखेडच्या बाबारावांनी बायकोच्या इंजेक्शनसाठी नागपूरच्या रोगसाहाय्य कक्षात अर्ज केला. तो रकाना सातवर अडला: 'रोगाचा कायमचा पत्ता (अवयवाच्या नावासह)'.

प्रेमलताबाईंच्या जठरातली गाठ काढून झाली होती, पण काही पेशी आधीच सुटून रक्तात हिंडत होत्या. डॉक्टर सोनिका यांनी समजावलं होतं, की पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, त्यांच्या जोरावर ती नव्या जागी चिकटते. हे इंजेक्शन ते रिसेप्टर झाकून टाकतं. मात्र चिकटण्याआधी द्यायला हवं, नंतर उपयोग शून्य. बाबारावांना हे चटकन कळलं. त्यांचा जन्म संत्र्याची कलमं करण्यात, खुंटाच्या रोपावर डोळे बांधण्यात गेला होता. डोळ्यानं एकदा खुंट धरला, की पुढे झाड त्याचंच.

त्यांनी रकान्यात 'रक्त' लिहिलं. कक्षाधिकारी महादेवरावांनी चष्मा पुसला. रक्त हा अवयव नसून मार्ग आहे, आणि मार्गस्थ इसमाला रहिवासी मानता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. एका अवयवात सलग तीन महिने वास्तव्य हवं, शिवाय शेजारच्या दोन अवयवांचं ना-हरकत पत्र. आता बोला!

"साहेब, ते चिकटू नये म्हनून तं औषध मागून राहिलो," बाबाराव म्हणाले. "चिकटल्यावर काय करू त्याचं?"

"चिकटल्यावर अर्ज करा," महादेवराव मायेनं म्हणाले. "मी स्वतः मंजूर करीन."

बाबारावांनी अपील केलं. समितीनं प्रकरण सहानुभूतीपूर्वक विचारात घेऊन ठराव केला, की संबंधित रोगाने विनाविलंब स्थायिक व्हावे. प्रत माहितीसाठी रुग्णाला.

"आता माह्या अंगालेच नोटीस पाठोली का यायनं?" प्रेमलताबाईंनी विचारलं. बाबारावांना रडू आवरेना.

त्या कक्षाचा आदेश आजवर कोणी इतक्या तत्परतेनं पाळला नसेल. दुसऱ्याच महिन्यात यकृतावर ठिपके दिसले. तीन महिन्यांची अट लगेच शिथिल झाली, मंजुरीपत्र निघालं. महादेवरावांनी उठून अभिनंदन केलं आणि पत्र देण्याआधी एक कार्ड पुढे सरकवलं: 'आमच्या सेवेबाबत आपण समाधानी आहात काय?'

बाबारावांच्या मनात आलं, हे कार्ड फाडून याच्या तोंडावर फेकावं. पण उद्या पुन्हा इथंच काम पडलं तर? कशाले वाईट व्हाचं? त्यांनी 'पूर्ण समाधानी'वर खूण करून खाली सही ठोकली.

महादेवरावांनी ते कार्ड भिंतीवर टाचलं. तिथं आधीच हजारो कार्डं होती, सगळी पूर्ण समाधानी. वरून तिसऱ्या ओळीत तुमचंही आहे. सही ओळखू येते.