भागोजीकाकांची टोपली आणि माझा माऊस

वायरलेस माऊसचा सेल कसा पुरवावा, हे अख्ख्या मांडवीत माझ्याइतकं कोणाला कळत नाही! एका दिवाळीला घातलेला सेल मी पुढच्या दिवाळीपर्यंत चालवतो. काम संपलं की माऊसच्या पोटाखालचं बटण बंद करायचं आणि संध्याकाळी माऊस, कीबोर्ड दोघांचेही सेल काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे. उबेत राहतात! आमची ही, म्हणजे समीक्षा, म्हणते, "आपल्या घरात पोरं जागी असतात आणि माऊस झोपलेला असतो." म्हणू दे.

तर आमचे भागोजीकाका गेले. पावस गावची आंब्याच्या कलमांची बाग आणि दमयंतीकाकी मागे ठेवून गेले. एकुलता एक मुलगा हर्षद बोटीवर, आणि बोट भर समुद्रात. येणार कसा? फोनवर नुसता रडत होता. "दादा, निदान टोपली काढाल तेव्हा मला दाखव रे!"

टोपली म्हणजे आमच्या घरची रीत. माणूस गेला की दिव्यापाशी तांदळाचं पीठ पसरायचं, संध्याकाळी त्यावर टोपली घालायची आणि सकाळी काढून बघायचं. पिठावर ज्याची खूण उमटेल, त्या जन्माला माणूस गेला. काकीचा सगळा जीव त्या टोपलीत अडकला होता. काका गेल्यापासून तिचं एकच, "कुठं गेले असतील रे?"

"मोबाईलवर दाखव की त्याला," भावकीतले वडीलधारे धोंडूकाका म्हणाले.

"छे! टीव्हीवर लावतो. सगळ्यांना हर्षद दिसेल, हर्षदला सगळे दिसतील!"

मी माझा छोटा कॉम्प्युटर, कॅमेरा, कीबोर्ड, माऊस सगळा संसार पावसला नेला. संध्याकाळी जोडून बघितला. झकास! मग सवयीने सेल काढून खिशात टाकले. तेवढ्यात काकी म्हणाली, "हर्षद नाय, तर टोपली तूच घाल." मी वाकलो, टोपली घातली आणि डोकं टेकून नमस्कार केला.

सकाळी माजघरात सगळी भावकी जमली. टीव्हीवर हर्षदचा फोन वाजायला लागला. मी ऐटीत खिशात हात घातला. कीबोर्डचे दोन बारीक सेल निघाले. माऊसचा जाडा नाही! पँटचे खिसे पाहिले, अंथरूण झटकलं, पायपुसणं उलटं केलं. फोन वाजतोय आणि टीव्हीवरचा बाण मेल्यासारखा पडलाय!

"अरे, उचल ना! पोरगा थांबलाय तिकडे!" काकी.

मी स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा जुनाट सेल काढला.

"मेल्या, सुतकात घड्याळ बंद केलंस?" धोंडूकाका कडाडले.

माऊसचा लाल दिवा एकदाच लागला. मी जीव खाऊन बटण दाबलं, हर्षद टीव्हीवर आला आणि माऊसने कायमचे डोळे मिटले. पण काम झालं होतं!

"काढ टोपली," काकी म्हणाली.

मी टोपली उचलली. पिठावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबच लांब चर!

"जनावर!" धोंडूकाका ओरडले. आमच्याकडे सापाला साप म्हणत नाहीत.

टीव्हीवर हर्षदने तोंड झाकून घेतलं. काकीने पदर डोळ्यांवर ओढला आणि ती मान खाली घालून बसली. अन् मला तेव्हाच दिसलं. चराच्या टोकाला, पिठात अर्धा बुडालेला, माझा सेल!

गप्प बसावं, असं फार वाटलं. पण जो माणूस आयुष्यात कुणाला वाकडा शब्द बोलला नाही, तो साप झाला म्हणून त्याची बायको रडतेय, हे मला बघवेना.

"काकी, हे जनावर नाही गं! काल वाकलो तेव्हा खिशातनं पडला आणि पिठातून घरंगळत गेला. माऊसचा सेल आहे!"

मी सेल उचलून दाखवला. धोंडूकाकांनी माझ्या सात पिढ्या काढल्या. त्यात ते स्वतःही आले, पण त्यांना भान नव्हतं. हर्षदला रडता रडता हसू फुटलं. मलाही हायसं वाटलं.

काकी तेवढी हसली नाही. तिने पदर बाजूला करून पिठाकडे निरखून पाहिलं. "मग ह्यांचं काय उमटलंय?"

सगळे वाकले. चर सोडला तर पीठ कोरं होतं.

"काहीच नाही, काकी."

"काहीच नाय?" ती हळूच म्हणाली, "जनावर तर जनावर, कलमात तरी राहिले असते रे. मी रोज वाटीभर दूध ठेवलं असतं."

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. हर्षदचं हसू कुठल्या कुठे गेलं. माय-लेक एकमेकांकडे बघत राहिले. फोन बंद करावा तर माऊस मेलेला, आणि हातातला सेल त्यात घालायची माझी छाती होईना!

"आण तो सेल," काकी म्हणाली. तिने तो होता तिथे ठेवला आणि वर टोपली घातली. "धोंडूभावजी, आता तुम्ही काढा. आणि तू रे, ओटीवर जाऊन बस."

मी कीबोर्ड काखेत मारून ओटीवर जाऊन बसलो. आत टोपली सरकल्याचा आवाज आला. आणि मग धोंडूकाका, मघापेक्षाही मोठ्याने ओरडले, "जनावर!"