साळवेकाकांचे दगड

गीझरचा रॉड बदलायला माणूस आला की शेजारचे साळवेकाका अनवाणीच आमच्या दारात हजर व्हायचे. "ताई, जुना रॉड टाकू नका. थर बघायचाय." मग त्यावरचा पांढरा क्षार नखाने खरवडून विचारायचे, "उन्हाळ्यात टँकरचं पाणी घेतलं होतं ना?" घेतलेलं असायचंच. मी कपाळाला हात लावायचे.

काका एका प्रयोगशाळेत दगड कापायचे. साधेसुधे नाहीत हं, गुहेत छतावरून थेंब थेंब ठिबकून वर्षानुवर्षं वाढलेले. "पाऊस झकास झाला की जाड थर, दुष्काळ पडला की केसाएवढा!" हे ते मुलुंडच्या भाजीवालीलाही ऐकवायचे. ती बिचारी कोथिंबिरीची जुडी धरून उभी! साहेब लोक म्हणे थर मोजून कुठला कुठल्या सालचा ते काढायचे आणि कुठल्या दुष्काळात कुठली गावं उठली ते जुन्या कागदांशी ताडून बघायचे. कापताना तुटलेले तुकडे काका विचारून घरी आणत. पलंगाखाली दोन खोकी भरली होती.

गेल्या वर्षी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. भाड्याचं घर एवढंसं. त्यांचा मुलगा मिलिंद म्हणाला, "बाबा, एकच दगड. बाकीचे मी टेम्पोत चढवणार नाही." काका दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी मला हाक मारली, "ताई, या जरा. मला काही सुचत नाही."

मी मधाच्या रंगाचा एक मोठा तुकडा उचलला. "हाच घ्या काका. शोकेसमध्ये काय दिसेल!"

त्यांनी मान हलवली. खोक्याच्या तळातून बिस्किटाएवढा मळकट तुकडा काढला आणि एका रेघेवर नख टेकवलं. मला तर चष्मा लावूनही ती रेघ दिसेना.

"हे आमचं साल. विहीर आटली, आई आम्हाला घेऊन मुंबईला निघाली. स्टेशनपर्यंत दोन दिवस चालत. माझी बहीण पारू वाटेतच गेली. दोन वर्षांची होती."

माझी जीभ गप्प बसेल तर ना! "पण काका, ही गुहा छत्तीसगडची म्हणाला होतात. तुमचं गाव जालन्याकडचं."

"ठाऊक आहे की. पाऊस दोन्हीकडं नव्हता." त्यांनी तुकडा सदऱ्याने पुसला. "तिचा फोटो नाही, दाखला नाही. आई गेल्यावर तिचं नावसुद्धा कुणी घेत नाही. मी कडेवर घेऊन चालत होतो तिला. मग दमलो ताई, आईकडं दिली. तेव्हा दिली नसती तर…"

मी हात पुढे केले.

"द्या काका. थोडा वेळ मी घेते तिला."

काकांनी दोन्ही हातांनी तो तुकडा माझ्या हातात दिला.