रिकाम्या टाकीचे लाड

सुगेंगरावांना, म्हणजे तिकडच्या भाषेत पाक सुगेंगना, आयुष्यात एकच चैन करायची होती. बैठकीच्या खोलीत काचेची टाकी असावी आणि तीत दोन चंदेरी मासे संथपणे फिरत असावेत. इंडोनेशियातल्या मलांग शहराच्या टपाल कचेरीत उभा जन्म शिक्के मारण्यात घालवलेल्या माणसाने एवढं मागितलं तर काही बिघडत नाही. टाकी आली, पाणी भरलं, पंप गुरगुरू लागला. मासे मात्र दुकानदाराने दिलेच नाहीत.

"आज सोडलेत तर आठवड्यात पुरायला खड्डा खणाल," तो म्हणाला. "आधी पाण्यात चांगले जंतू धरू द्या, ते माशांची घाण पचवतात. रोज चिमूटभर खाद्य टाका, कुजू द्या आणि थांबा. सोयाबीनचं टेम्पे आंबायला ठेवल्यावर तुम्ही घडीघडी उघडून बघता का?"

सुगेंग बघत असत. (म्हणून तर त्यांच्या घरी टेम्पेला हात लावायची त्यांना बंदी होती.)

आता रोज संध्याकाळी ते रिकाम्या टाकीत चिमूट सोडत आणि समोर खुर्ची टाकून बसत.

"अहो, कोणाला जेवायला घालताय?" त्यांच्या बायकोने, बु एंदांगने (बु म्हणजे बाई), विचारलं.

"जंतूंना."

"कुठायत?"

"दिसत नाहीत. येतील हळूहळू."

एंदांगने कपाळाला हात लावला आणि आपल्या कामाला लागली. तिला कामं कमी नव्हती. गल्लीतल्या बायकांच्या डास-पथकाची ती प्रमुख होती. दर रविवारी हे पथक बॅटऱ्या घेऊन घरोघर शिरायचं आणि न्हाणीतल्या हौदापासून पिंजऱ्यातल्या पाखराच्या वाटीपर्यंत डासांच्या अळ्या शोधायचं. अळी सापडली की दारावर लाल पताका. शेजारच्या बु लिलिकच्या हौदात एकदा एकच अळी निघाली, तर एंदांगने सगळ्यांदेखत अख्खा हौद उपसायला लावला होता. तेव्हापासून लिलिक तिच्याशी फार गोड बोलायची. पुढच्या महिन्यात प्रमुखाची निवड होती आणि ती जागा लिलिकला हवी होती.

इकडे कोणासाठीही न चालणारा पंप एंदांगला बघवेना. वीज काय फुकट येते? एक दिवस तिने कपाटामागची पिन उपटली आणि विसरून गेली. संध्याकाळी सुगेंग घरी येऊन बघतात तो गुरगुर थांबलेली, पाणी निवांत.

"मुरलं," ते खुशीत म्हणाले. (मुरलेलं पाणी कसं दिसतं हे त्यांना कोणी सांगितलं होतं, देव जाणे.)

पुढच्याच आठवड्यात पाण्यात वळवळ दिसली. सुगेंगना भरून आलं. रविवारी बायकोला चकित करायचं त्यांनी ठरवलं.

रविवारी लिलिक म्हणाली, "आज प्रमुखबाईंच्या घरापासूनच सुरुवात करू या की. नियम तो नियम."

"या ना," एंदांग म्हणाली. "माझ्या घरात ओला चमचा सापडायचा नाही."

दारात सुगेंग इस्त्रीचा बाटिक शर्ट घालून उभेच होते. एवढ्या बायका टाकी बघायला आल्या, असं त्यांना वाटलं.

"पाक, मासे कुठायत?" लिलिकने टाकीवर बॅटरी मारली.

"मासे मागाहून. आधी हे बघा, कसे वळवळतायत. किती दिवस वाट बघायला लावली लेकांनी."

"म्हणजे हे तुम्ही मुद्दाम..."

"मुद्दामच. रोज हाताने खायला घालतो. आधी एक नव्हता, आता मोजता येत नाहीत."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"लोक म्हणत होते, पाकनी पैसा आणणारं भूत पाळलंय, रोज नैवेद्य दाखवतात," लिलिक म्हणाली. "मी म्हटलं, छे."

"भूत असतं तर परवडलं असतं," एंदांग कशीबशी म्हणाली. "भुतामुळे डेंग्यू होत नाही. अहो, डासांच्या अळ्या आहेत या."

सुगेंगनी चष्मा पुसून पाहिलं. मग कपाटामागे लोंबणारी पिन पाहिली. हलत्या पाण्यात डास अंडी घालत नाहीत, हे एंदांग स्वतःच गल्लीला दर रविवारी सांगायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"पंप कोणी..." त्यांनी तोंड उघडलं आणि बायकोकडे पाहिलं. तीही पिनेकडेच बघत होती. कोणाच्या बापाला न भिणारी एंदांग घाबरली होती. सुगेंगना ते बघवलं नाही.

"पंप कोणी काय?" लिलिकने कान टवकारले.

"मीच बंद केला," सुगेंग म्हणाले. "बिल वाचावं म्हणून."

एंदांगने पिशवीतून लाल पताका काढली आणि स्वतःच्या दारावर स्वतःच्या हाताने लावली. टाकी गटारात उपडी झाली. गल्ली गहिवरली. बाईने नवऱ्याचीही गय केली नाही! प्रमुख म्हणून तिचं नाव लिलिकलाच सुचवावं लागलं.

"मास, पुन्हा पाणी भरा. पिनेला मी हात लावायची नाही," एंदांग घरात हळूच म्हणाली (मास म्हणजे तिकडचं लाडातलं 'अहो') आणि तळलेल्या केळ्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. सुगेंगना सगळं भरून पावलं.

आदर्श गल्लीची कीर्ती ऐकून आरोग्य खात्याचे साहेब भेटीला आले. चहा झाल्यावर म्हणाले, "बु, त्या अळ्या बघायला मिळतील का?"

"अळ्या तेव्हाच ओतल्या, साहेब," एंदांग म्हणाली. "पाळणारा आहे, तो दाखवते."

साहेबांनी सुगेंगना खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि पुढून एक, बाजूने एक, असे फोटो काढून घेतले.