झेरॉक्स मशीनचा शब्द

रेकॉर्डरूमच्या काकांनी साहेबांच्या टेबलावरच्या कागदावर आपल्याविषयीचा शेरा चोरून वाचला आणि त्यांचं डोकंच गरगरलं. शेरा एकाच शब्दाचा होता, 'इनडिस्पेन्सेबल'. आता हा शब्द गोड समजायचा की कडू? बदल्यांचे दिवस होते. लेक नातवाला घेऊन नुकतीच शेजारच्या गल्लीत राहायला आलेली, तेव्हा काकांना आता कुठेही हलायचं नव्हतं.

चोरून वाचलेला शब्द चारचौघांत विचारायचीही पंचाईत. म्हणून ते गुपचूप टायपिस्टबाईंकडे गेले. बाई वीस वर्षं दिवसभर इंग्लिश बडवत होत्या. इंग्लिश येत होतं ते त्यांच्या बोटांना, बाईंना नव्हे, हे काकांना काय ठाऊक!

"हा शब्द मी एकदाच टाइप केलाय," बाई म्हणाल्या. "जुन्या झेरॉक्स मशीनबद्दल साहेबांनी वर लिहिलं होतं. पुढच्याच आठवड्यात मशीन भंगारात गेलं."

म्हणजे आता आपलाही नंबर भंगारात, असं धरून काका रेकॉर्डरूममध्ये परतले.

त्यांची रेकॉर्डरूम म्हणजे अजब प्रकरण होतं. लग्नाच्या वर्षाच्या फायली खिडकीपाशी, सासऱ्यांशी अबोला होता त्या वर्षाच्या पार तळाशी. काकांशिवाय तिथे ब्रह्मदेवालाही काही सापडलं नसतं. साहेब यालाच वैतागले असणार, असं काकांनी ताडलं आणि कंबर कसली. आठवडाभर त्यांनी कपाटांना नंबर दिले, फायलींना चिठ्ठ्या डकवल्या, दोन्ही नव्या कारकुनांना सगळं पढवून ठेवलं. शुक्रवारी त्यातल्या एकाने सतरा वर्षांपूर्वीची फाईल दोन मिनिटांत साहेबांपुढे ठेवली, तेव्हा कुठे काकांचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी साहेबांनी बोलावून घेतलं.

"कमाल केलीत, काका. तुमच्यावाचून इथलं पान हलत नाही, असं लिहून मी तुमची बदली अडवणार होतो. कागद आज वर जायचा होता. पण आता खोटं कसं लिहू?"

साहेबांनी त्या शब्दावर काट मारली.

"मग साहेब, ते झेरॉक्स मशीन?"

"त्याच्याबद्दलही मी तेच लिहिलं होतं हो. वर कोणी ऐकलं नाही."

घरी बायको आठवडाभर त्याच शब्दाच्या काळजीत होती. दार उघडताच तिने विचारलं, "अहो, लागला का अर्थ?"

"अर्थ लागला, वापरही कळला," काका चपला काढत म्हणाले. "मी गुरुवारपर्यंत इनडिस्पेन्सेबल होतो."